डॉक्टरकाकांच्या मोटारीचं पाणी

डॉक्टरकाका मोटारीच्या बॉनेटवर स्टेथोस्कोप टेकवून, डोळे मिटून ऐकत उभे राहत. येणारे-जाणारे थांबत आणि हसत. "दम लागलाय हिला," असं पुटपुटून काका एखादा स्क्रू पिळत आणि पुन्हा ऐकत. ओसरीवर रोगी येऊन बसलेले असले तरी सकाळची पहिली तपासणी मोटारीची. कोणी कुरकुर केली तर म्हणत, "तुम्ही चालत आलात ना? जे चालू शकत नाहीत त्यांच्याकडे मला हीच नेते."

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी नागपूरच्या कॉलेजात होतो. सुट्टी लागली की काकांकडे येऊन राहायचो. त्यांचं गाव जळंबच्या बाजूचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. मोटार त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून जुनी घेतलेली. तिचं कापडी छत फाटलेलं, हॉर्न म्हशीसारखा. तरी आसपासच्या गावांत तिची धूळ दिसली की बाया अंगणात येऊन म्हणत, आता भ्यायचं कारण नाही.

"ताप म्हणजे तक्रार," हे काकांचं आवडतं वाक्य. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबायचं नाही, आधी त्याचं ऐकायचं. एकदा एक गडी तापानं फणफणत आला आणि पुडी मागू लागला. काका त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलले, "पुडी देतो रे, पन आंधी सांग, काल कोनाच्या तेरवीले गेलता?" गडी लाजला. सहा लाडवांपर्यंतच त्यानं कबूल केलं. काका म्हणाले, बाकीचे किती ते पोट सांगतंच आहे.

मी पत्रकं वाचून वाढलेला. खिशात नेहमी एखादं घडी घातलेलं असायचं, आणि सुट्टीत मी स्वतःही लिहायचो. काका ती चष्मा कपाळावर सरकवून वाचत आणि परत देत. "छान आहे. पण यात एकही माणूस भेटला नाही मला. नुसते 'बंधूंनो' आहेत." त्यांचा राग यायचा. पण दुसरं पत्रक लिहिताना ते वाक्य कानात वाजायचं.

गावात गोड्या पाण्याची विहीर एकच होती, पाटलांच्या मळ्याजवळ. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तिच्यावर जायची बंदी होती. त्यांची विहीर वेगळी, आणि तिचं पाणी असं की डाळ शिजायची नाही. काकांनी एक नेम केला होता. मोटारीत ते फक्त वस्तीच्या विहिरीचं पाणी घालत. माझे निम्मे रोगी ज्या पाण्यावर जगतात तेच हिनं प्यायचं, असं म्हणत. मी एकदा टोचून विचारलं की काका, तुम्ही स्वतः घरात गोडं पाणी पिता, मग मोटारीलाच ही शिक्षा का? ते ओशाळं हसले. "माझ्या सवयी जुन्या आहेत रे. मोटार त्या मानानं तरुण आहे. निदान तिला तरी बऱ्या सवयी लागू देत."

त्या उन्हाळ्यात मोटार तापू लागली. खामगावहून येताना वाटेतच तिच्या नाकातोंडातून वाफ निघे. काका ती बाभळीखाली उभी करत, रेडिएटरच्या टोपणावर पोतं गुंडाळत, तोंड बाजूला वळवून ते हळूच सैल करत आणि फुसफुस थांबेपर्यंत वाट बघत. ही गोष्ट पाटलांच्या कानावर गेली. पाटील मनानं वाईट माणूस नव्हते, पण रीत मोडायला घाबरणारे होते. त्यांनी निरोप धाडला की मोटारीसाठी आमच्या विहिरीचं पाणी खुशाल न्या, यंत्राला कसला विटाळ?

माझं रक्त उकळलं. लोखंडाला मुभा आणि माणसाला मनाई! मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसलो. काकांनी मात्र रिकामे डबे मागच्या सीटवर चढवले, गोड्या विहिरीवर भरून घेतले आणि सरळ वस्तीत नेऊन उतरवले. मोटारीत त्यातला थेंबही गेला नाही. मग हे रोजचंच झालं. मोटार तापलेली असणं आता सोयीचं होतं, म्हणून काका तिच्या दुरुस्तीला हात लावेनात. पाटलांना समजत नसेल असं नाही. रस्त्यात भेटले की मिशीत हसून विचारत, "डाक्टर, गाडी हाये का हत्ती? किती पानी पेऊन राह्यली!" काका म्हणत, "उन्हाळा आहे, पाटील."

मी म्हणालो की ही चोरी झाली, हक्क कुठं आला यात? काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण वस्तीतल्या बाळंतिणीला आज तहान लागली आहे."

त्या डब्यांतल्या पाण्याचं गंगूबाई काय करते ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. गंगूबाई त्याच वस्तीतली, साऱ्या गावाची दाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. अडलेली बाई असली की काका तिला शेजारच्या सीटवर बसवून नेत. अशाच एका दुपारी आम्ही तिघं पलीकडच्या गावी निघालो होतो आणि अर्ध्या वाटेत मोटारीनं वाफ सोडली. ती निवायची वाट बघायला वेळ नव्हता. काकांनी पेटी उचलली आणि आम्ही उन्हात चालू लागलो. मग गंगूबाई पुढं बघतच म्हणाली,

"मी ते डब्यातलं पानी घेत नाई, डाक्टरसायब."

काका थबकले. "काऊन?"

"गाडीच्या नावानं येते ना ते. गाडी बिघडली म्हनून आमाले पानी. उद्या सुधरली, मंग?" ती चालतच राहिली. "आन् तुमी तिले सुधरवत नाई. ते पोरगं तिकडं अडून हाये, आन् आपुन पायी."

आम्ही पोचलो. पोर उलटं होतं. गंगूबाईचे हात आणि काकांची अवजारं यांनी आई-बाळ दोघं वाचली, पण थोडक्यात. परतताना निवलेली मोटार काकांनी हळूहळू घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात बॉनेट उघडलं. समोरच्या जाळीत खामगावच्या जिनांतला कापूस अडकला होता, तो काकूंची चुलीची फुंकणी आणून उडवला. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, तो ठीक होता. मग इंजिन सुरू करून त्यांनी माझा हात धरला आणि रेडिएटरला वर लावला. चटका बसला. नंतर खाली लावला, तिथं तो गार होता.

"डोकं तापलंय आणि पाय गार," काका म्हणाले. "मधे तुंबलंय."

इंजिन निवल्यावर त्यांनी टोपण काढून आत बोट घातलं. बोटाला पांढरी खपली आली. काकू वाकून बघत म्हणाल्या, "हे तर आंघोळीच्या खाऱ्या पाण्यानं आपल्या बंबाच्या बुडाला बसतं तेच." काकांनी विचारलं की मग बंबाला तू काय करतेस? काकूंनी उत्तर न देता घरात जाऊन वर्षाच्या चिंचेची बरणी बाहेर आणली, आणि दिवाळीपर्यंत आमटी कशी होते ते बघा म्हणून बजावलं.

चिंच उकळली, जुन्या धोतरातून गाळली, रेडिएटरमध्ये ओतली. मोटार अंगणात उभी करूनच मंद चालवली आणि तशीच मुरू दिली. दुपारी खालची नळी सोडली तेव्हा आंबिलीसारखं गढूळ पाणी आलं आणि त्यात चुन्याचे पापुद्रे. मग खालून वर असं उलटं पाणी सोडत राहिलो, ते स्वच्छ येईपर्यंत. चिंचेचा अंश राहू नये म्हणून सोड्याचं पाणीही फिरवलं. शेवटी वस्तीच्या विहिरीचं पाणी भरलं. नेम मोडला नव्हता. संध्याकाळी इंजिन बराच वेळ चालू ठेवून काकांनी खाली हात लावला. "पायांत ऊब आली," म्हणाले. डबे न्यायचं निमित्त संपलं होतं.

सकाळी मला घेऊन ते वस्तीत गेले. गंगूबाई घागर आणि दोर घेऊन पुढच्या सीटवर बसली. गोड्या विहिरीवर पाटील होते, आणखी दहा-वीस माणसं होती. काका म्हणाले, "पाटील, गाडी बरी झाली. तिला आता पाणी नको. हिला पाहिजे."

कोणीतरी काठी आपटली. गंगूबाईनं तिकडं पाहिलं नाही. ती पाटलांना म्हणाली, "तुमची पयली आंघोळ म्या घातली हाये, पाटील. कोन्या विहिरीचं पानी व्हतं, घरी जाऊन मायले इचारा."

पाटील हो म्हणाले नाहीत, आडही आले नाहीत. त्यांनी तोंड मळ्याकडे फिरवलं आणि तेवढ्यात तिचा दोर खाली गेला.

मी लिहिलेलं पत्रक खिशातच राहिलं. त्यात 'बंधूंनो' होतं, गंगूबाई नव्हती.

विहीर त्या दिवशी सगळ्यांना खुली झाली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. गावानं काकांकडे येणं बंद केलं. ओसरी ओस पडली, दूधवाला फिरकेना, काकूंना हळदीकुंकवाला कोणी बोलावेना. वस्तीतल्या बाया दुपारी, विहिरीवर कोणी नसताना, जाऊ लागल्या. त्यांना कोणी परवानगी दिली नाही, आणि परत पाठवायला गंगूबाईसमोर कोणी उभंही राहिलं नाही. वर्षभर काकांनी तग धरला. मग खामगावला बिऱ्हाड हलवायचं ठरलं. तिथंच पुढं ते वारले. मोटार कोणी नेली मला माहीत नाही.

निघायच्या दिवशी सामान मोटारीत चढलं होतं. काकांनी सवयीनं बॉनेटवर स्टेथोस्कोप ठेवला, मग खारं पाणी भरायला टोपण उघडलं. गंगूबाई घागर घेऊन येताना दिसली. भर सकाळी, गोड्या विहिरीकडून, गावाच्या मधल्या रस्त्यानं. तिनं काकांच्या हातातला डबा बाजूला ठेवला आणि घागर रेडिएटरवर वाकवली.

"आता पेऊ द्या तिले," म्हणाली.

काका टोपण हातात धरून पाणी काठोकाठ येईपर्यंत बघत राहिले.