तात्यांच्या मशीनमधली एकादशी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. मी अजून शिकतोच आहे. तेव्हा लोकांनी वाचावं असं काही लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण तात्यांच्या जावयाला माझ्यामुळे भगर खावी लागली, ते मलाच सांगावं लागेल.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमची घरं वेगळी झाली, पण विहीर आणि कॉम्प्युटर सामाईक राहिले. तात्या लोकांना पत्रिका काढून देतात. त्यांचं पंचांगाचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या विंडोजवर चालेना. म्हणून मी एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्यात जुनी विंडोज टाकली. तात्या खूश झाले.

मग पुण्याच्या एका कंपनीनं मला ट्रायलवर घेतलं. घरी बसून त्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचं, रोज रिपोर्ट पाठवायचा, काम पसंत पडलं तर नोकरी. आई म्हणाली, गडी ठेवताना बघतात तसंच. कंपनीनं तसंच तयार व्हर्च्युअल मशीन दिलं, लिनक्सचं, पण ते वेगळ्या प्रोग्रामात चालणारं. दोन्ही प्रोग्राम एकदम सुरू केले की दोन्ही अडायचे. प्रोसेसरमधली एकच सोय दोघांना हवी असायची.

तात्यांना हे लगेच कळलं. "एका हिरीवर दोन मोटारी," ते म्हणाले. "पाळी लाव."

पाळी लावली. तात्यांची आली की माझं मशीन आहे तिथं थांबवायचं, माझी आली की त्यांचं. पूर्ण बंद करायचं नाही, नुसतं गोठवायचं, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली.

पुढे तात्या लेकीकडे युसूफ वडगावला गेले, ते बरेच दिवसांनी जावयाला घेऊन परतले. काकूंनी कोंबडी चुलीवर ठेवली होती. तात्यांनी सवयीनं आमच्या घरात येऊन मशीन सुरू केलं आणि तिथूनच सांगितलं, की आज एकादशी आहे.

आई म्हणाली, एकादशी तर कधीच झाली, कॅलेंडरात बघा.

"कॅलेंडर छापील हाय, वैनी. ह्ये मोजून सांगतंय."

मोजून सांगणाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार? कोंबडी शेजारी गेली. काकूंनी भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. जावई मुकाट्यानं जेवले. संध्याकाळी त्यांनी मोबाईल काढला आणि फार अदबीनं म्हणाले, "मामा, एकादशी तुमी आमच्या गावाला आला त्याच दिशी झाली. तुमी बी उपास धरलता."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. मशीन गोठवलं की त्याचं घड्याळही गोठतं, आणि पुन्हा सुरू झालं की तिथूनच पुढे चालतं. त्याच्या हिशेबानं तात्या लेकीकडे गेलेच नव्हते.

मला हसू यायच्या आत माझे रिपोर्ट आठवले. तात्यांच्या पाळीला माझंही मशीन असंच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅडमचा फोन आला. त्याच माझं काम तपासायच्या.

"तुझ्या रिपोर्टवर सगळ्या जुन्या तारखा आहेत. जुनंच काम पुन्हा पाठवतोयस का?"

"नाही मॅडम. मशीनचं घड्याळ मागं पडलंय." त्यांना पटलं नसावं, म्हणून मी चाचरत पुढे म्हणालो, "आमच्याकडे काल त्याच्यामुळंच एकादशी झाली."

त्या म्हणाल्या, "म्हणजे काय?"

मी सगळं सांगितलं. कोंबडीसुद्धा.

"जावयांनी पण उपास केला?"

"हो मॅडम. दुसऱ्यांदा."

 त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, घड्याळ दुरुस्त कर, सगळ्या टेस्ट पुन्हा चालव आणि पाठव.

माझ्या मशीनला बाहेरच्या कॉम्प्युटरवरून वेळ घ्यायची सेटिंग होती. ती मी आधी वाचलीच नव्हती. तात्यांच्या जुन्या विंडोजला मात्र ती लागू होईना. तात्या आता मशीन सुरू केलं की आधी आईला तिथी विचारतात, मग हातानं तारीख घालतात आणि मग मशीनला तिथी विचारतात. गोठवलेल्या मशीनवर काही विचारायच्या आधी त्याची तारीख बघावी, एवढंच मी यातून शिकलो.

टेस्ट पाठवल्या. पुढे काहीच कळेना. माझ्या फोनला घरात रेंज नसते, म्हणून कंपनीला आईचाही नंबर दिला होता. एके दुपारी आई शेतातून आली, हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "पुन्याच्या बाईचा फोन आलता. तुला ठेवून घेतलं म्हनल्या. जेवान त्यांचं का आपलं, त्येवढं इचारायचं ऱ्हाईलं."