शनिवारचे सर

बोलण्याआधी सर समोरच्या मुलाची बाही चिमटीत धरून उजेडाकडे न्यायचे, कापड निरखायचे आणि मगच मुद्द्यावर यायचे. सरांचे वडील कापडाच्या लूमवर कामाला, त्यामुळे ही खोड घरातूनच आलेली.

सुरतच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटरचे हंगामी शिक्षक होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका शनिवारी त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना लॅबमध्ये बसवलं. "परदेशातल्या काही लोकांनी मोठमोठी गणितं सोडवणारा प्रोग्रॅम लिहून जगाला खुला केलाय. आतलं सगळं वाचा, कमी दिसेल ते लिहा आणि त्यांना पाठवा. पटलं तर घेतात."

"सर, अमने शुं मळशे?" आम्हाला काय मिळणार, असं मागून एकानं गुजरातीत विचारलं.

"तुमचं लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचेल. इथं पेपर तपासणाराही वाचत नाही."

आम्ही हसलो आणि अडकलो. काम गळ्यात घालून बक्षीस दिल्यासारखं वाटायला लावणारा असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

मॅट्रिक्समधल्या आकड्यांच्या उभ्या रकान्यांना सर मागावरच्या उभ्या धाग्यांसारखं ताणा म्हणायचे आणि आडव्या ओळींना बाणा. "हा प्रोग्रॅम आकडे रकान्यांनी साठवतो. आधी उभा ताणा, विसरू नका."

मी विसरलो. माझा कोड आकडे ओळींनी वाचत होता. ते कळलं नाही, कारण चाचणीला घेतलेलं माझं मॅट्रिक्स चौकड्याच्या लुंगीसारखं होतं, उभं वाचा की आडवं, सारखंच. उत्तर बरोबर आलं. सरांनी कोड कॉलेजच्या ईमेलनं, फक्त माझ्या नावानं पाठवला, तिकडून होकारही आला. विभागप्रमुखांनी तो नोटीस बोर्डावर लावला आणि जूनमध्ये सरांना कायम करायचा शब्द दिला.

चार दिवसांनी चूक मलाच सापडली. तसाच सरांकडे गेलो.

"दुसरं मॅट्रिक्स घालून पाहिलं नव्हतंस?"

"नाही."

"मीही विचारलं नाही," सर म्हणाले.

"सर, जूनपर्यंत गप्प राहू. तोवर कुणाला कळणार नाही."

सरांना मी तेव्हा पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "तिकडे कुणी यावर पुलाचं गणित करत असेल, बाबा. बस. लिही."

मी चूक कळवणारा ईमेल लिहिला. खाली सरांनी एक ओळ घातली, "तपासायची जबाबदारी माझी होती," आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं. परदेशातून आभार आले. विभागप्रमुखांनी मात्र कॉलेजचं हसं झालं म्हणून नोटीस काढून टाकली. जूनमध्ये सरांना परत बोलावलं नाही.

पावसाळा संपताना त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. छापील कागद घेऊन मी सायकलनं डिंडोलीला सरांच्या खोलीवर गेलो. कुलूप होतं.

"मास्तर गावले ग्यात," शेजारची बाई अहिराणीत म्हणाली. सर गावाला निघून गेले होते. "आते तठेच पोरेस्ले शिकाडतस."

मी तिला कागद दाखवला. कुणाला तरी दाखवायचाच होता. तिनं तो हातात घेऊन विचारलं, "यामा मास्तरनं नाव कोठे शे?"

मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग "नाही" म्हणालो आणि मला रडू आलं. त्या लोकांकडे सरांचं नाव एकदाच गेलं होतं, माझ्या चुकीखाली.