अकरा रिकाम्या पेट्या

"मुलांनो, नीट बघून ठेवा. शाळेचं खाऊन शाळेतच चोरी करणारा माणूस असा दिसतो."

शाळेचे अध्यक्ष हे बोलले तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. प्रार्थना नुकतीच संपलेली. समोर पाचवी ते दहावीची सगळी पोरं रांगेत. माझ्या अंगावर शिपायाचे खाकी कपडे आणि दोन्ही खिसे उलटे काढलेले. ते मलाच काढायला लावले. एकात तंबाखूची पुडी, दुसऱ्यात बायकोच्या औषधाची चिठ्ठी. अकरा हार्डडिस्क माणसाच्या खिशात मावत नाहीत, एवढंसुद्धा त्यांना कळत नव्हतं.

त्या रांगेत आमच्या वाडीतली निम्मी पोरं होती. एकानंही वर बघितलं नाही. तेच जास्त लागलं.

आम्ही रापणीवरची माणसं. माझा बाप मालवणच्या किनाऱ्यावर जाळं ओढता ओढता म्हातारा झाला. मी चौथीपर्यंत शिकलो, मग ट्रॉलरवर इंजिनाच्या कामाला लागलो. पाठ गेली तेव्हा शाळेत चिकटलो. अध्यक्षांच्या आजोबांनी शाळेला जागा दिलेली, म्हणून शाळा त्यांची. मी घंटा द्यायचो, वर्ग झाडायचो. कॉम्प्युटरची खोली झाडताना कशाला हात लावायचा नाही, असा मला हुकूम होता. माझ्या हाताला म्हावऱ्याचा वास येतो, असं अध्यक्ष माझ्यासमोरच हेडसरांना म्हणाले होते.

त्या खोलीत अकरा कॉम्प्युटर होते. आमच्या मुंबईकर मंडळानं कुठल्याशा ऑफिसातून टाकलेले उचलून लॉरीतून पाठवलेले. त्यांना हार घातला, फोटो काढला. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेनं सगळे बसले. पोरांना काचेतून बघायला तेवढे उरले.

ते उठवले फिलोमिना टीचरनी. त्या विज्ञान शिकवायच्या. त्यांचा भाचा गोव्यात कॉम्प्युटरच्या कामात होता, त्याच्याकडून त्या एक युक्ती शिकून आल्या. एक मशीन दणकट घ्यायचं. सगळं डोकं त्याच्यात. बाकीच्या जुन्या पेट्यांना वायरनं त्याला जोडायचं. जुनी पेटी चालू होताना फ्लॉपीवरच्या चार ओळी वाचते आणि मोठ्या मशीनला हाक मारते. पुढचं सगळं काम तिकडे होतं, हिच्या काचेवर फक्त दिसतं. टीचर मला म्हणाल्या, मामा, समजलं काय? मी म्हटलं, समजलं. रापण अशीच असते. जाळं एक, ओढणारे पन्नास.

दणकट मशीन टीचरनी भाच्याकडून आणलं. मग आम्ही दोघं कामाला लागलो. पेट्या उघडल्या तर आतल्या हिरव्या पाट्यांवर पांढरं मीठ चढलेलं. मी त्या गोड्या पाण्यात बुडवून ब्रशनं घासल्या. टीचर किंचाळल्याच. पण ट्रॉलरवर खारं पाणी लागलेली वस्तू आम्ही अशीच धुवायचो. चार दिवस उन्हात सुकवल्या. अकरापैकी अकरा पेट्या जागल्या.

हार्डडिस्क आम्ही सगळ्या काढल्या. निम्म्या मेलेल्या होत्या, कण्हल्यासारखा आवाज करायच्या. या पद्धतीत त्या लागतही नाहीत. शिवाय तेव्हा दिवसाचे तास तास लाईट जायची. डिस्क नसली की पेटी करंट कमी खाते, इन्व्हर्टर जास्त वेळ टिकतो. काढलेल्या डिस्कवर मी होडीच्या रंगानं एक ते अकरा आकडे घातले आणि बेकरीच्या बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात रचून ठेवल्या. डबा प्रयोगशाळेच्या कपाटात. चावी टीचरकडे.

दोन महिने ती खोली चालली. वाडीतली पोरं माऊस धरायला शिकली.

मग डेड स्टॉकची, म्हणजे शाळेच्या सामानाची तपासणी आली. अध्यक्षांबरोबर त्यांचा पुण्याचा पुतण्या होता, शिकलेला. लाईट गेलेली, इन्व्हर्टरही संपलेला. त्यानं एक पेटी उघडली. म्हणाला, यात हार्डडिस्कच नाही. दुसरी उघडली. अकराच्या अकरा रिकाम्या.

या पेट्यांवर आदल्या दिवशी सातवीची मुलं चित्रं काढत होती. रिकामी पेटी चालली कशी, एवढं एकानंही विचारलं नाही. पुतण्यानंही नाही. वस्तू दिसत नाही आणि तिला हात माझा लागलाय, म्हणजे चोरी. एवढाच त्यांचा हिशेब.

मी सांगितलं, डबा कपाटात आहे. पण टीचर बहिणीच्या मयताला गोव्याला गेल्या होत्या. हेडसर म्हणाले, प्रयोगशाळेचं कपाट असं फोडता येत नाही.

माझं घर मात्र उघडता आलं. दुसऱ्या सकाळी मला ओट्यावर उभं केलं आणि त्याच दुपारी क्लार्क आणि दोघे जण आले. पेटारा उपसला. सुकटाची बरणी ओतली. माझी बायको वर्षभर पोटाच्या दुखण्यानं खाटेवर होती. जन्मभर डोकीवर म्हावऱ्याची पाटी घेऊन हिंडलेली बाई, पण तेव्हा तिला कूस बदलायला माणूस लागायचा. क्लार्कला खाटेखाली बघायचं होतं. मी पुढे झालो, तर तीच क्लार्कला म्हणाली, "थांब रे, उठतंय. बघ, खाली काय आसा तां."

भिंतीला धरून उठली. खाटेखाली एक जुनी वहाण होती.

ते गेल्यावर मी तिला निजवलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "तू खरांच काय घेवक नाय मां?"

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी ओट्यावर जे केलं ते मी गिळलं असतं. आमची सवयच ती. पण त्यांनी माझ्या घरात शिरून तिच्या मनात हा प्रश्न ठेवला. तेव्हा मला समजलं, ही माणसं आपलं काय काय घेऊन जातात ते.

तीन दिवसांनी टीचर आल्या. कपाट उघडलं, डबा काढला, हेडसरांच्या टेबलावर अकरा डिस्क आकड्यांप्रमाणे मांडल्या. अध्यक्षांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, गैरसमज झाला, सोडून दे. मी म्हटलं, प्रार्थनेला सगळ्यांसमोर सांगा. ते हसले.

"अरे, तुझ्यासाठी प्रार्थना थांबवू?"

चहा मी घेतला नाही. पण बोललोही नाही. वाटलं, आज ना उद्या सांगतील. शिकलेली माणसं आहेत.

घरी जाऊन तिला सांगितलं. डबा मिळाला, अकराच्या अकरा. तिनं डोळे मिटलेले ठेवूनच ऐकलं.

"माका कित्याक सांगतंस? गावाक सांग."

मी वाट बघत राहिलो. रोज प्रार्थनेची घंटा द्यायचो आणि खांबापाशी थांबायचो. अध्यक्ष यायचे, स्वच्छतेवर बोलायचे, जायचे. असे एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी ती गेली. मी गावाला सांगितलं नव्हतं. तिला स्मशानात नेताना बरोबर चालणाऱ्यांतले काही मला चोरच समजत होते. हे ओझं अध्यक्षांचं नाही, माझं आहे. मी गप्प बसलो.

तेराव्यानंतर शाळेत गेलो. घंटा दिली. पोरं गोळा झाली. हेडसर यायच्या आत मी टीचरकडून डबा घेऊन ओट्यावर चढलो. शाळेत आम्ही पुस्तकी मराठी बोलतो. त्या दिवशी नाही बोललो.

"ह्यो डबो बघा. ह्यात अकरा डिस्क आसत. एक पण कमी नाय. माका चोर म्हटलां, तां खोटां."

एकेक डिस्क काढून आकडा वाचला. अकरापर्यंत. आमच्या वाडीतली पोरं वर बघत होती.

मेमो आला. उत्तरात मी लिहिलं, बोललो ते खरं आहे. खाली सही. पुढच्या वर्षी रिटायर झालो. निरोप समारंभ नको म्हणून कळवलं.

आता टीचरही रिटायर झाल्यात. शिरोड्यापासून वैभववाडीपर्यंत जिथे जुने कॉम्प्युटर पडलेत, तिथे आम्ही दोघं जातो. पण जोडणीआधी माझी एक अट असते. सगळ्या मुलांना आणि शिपायाला समोर उभं करायचं. मी पेटी उघडतो, आत रिकामी आहे ते दाखवतो आणि का रिकामी आहे ते सांगतो. डिस्कचा डबा शिपायाच्या हातात देतो आणि हेडमास्तरांकडून तसं लिहून घेतो. काही ठिकाणी माझा राग येतो. येऊ दे.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेचा निरोप आला. मोठं मशीन बंद पडलंय, अकराही काचा काळ्या आहेत. पुतण्या येऊन बघून गेला, त्याला जमलं नाही. अध्यक्ष तेच आहेत. क्लार्क माझ्या दारात उभा होता, त्याच खाटेकडे न बघता. म्हणाला, मामा, पोरांचं नुकसान होतं.

पोरांचं नुकसान होतं हे मला माहीत आहे. म्हणून वाडीतल्या पोरांसाठी जाळी ठेवायच्या मांगरात टीचरनी आणि मी चार पेट्या लावल्यात. त्यांना शाळेच्या काचेची गरज नाही.

क्लार्कला मी सांगितलं, हत्यारं तयार आहेत, काम तासाभराचं आहे. अध्यक्षांना म्हणावं, सकाळी घंटा द्या, मुलं गोळा करा, ओट्यावर उभे राहा आणि माझ्या बायकोचं नाव घेऊन सांगा, तिच्या घरात चोरीचं काही नव्हतं.

मग येतो. तोवर नाही.