पाळीवार

भूपेशने बावीस वर्षांत नोंदवहीत खाडाखोड केली नव्हती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीत हवेतल्या वाफेचे आकडे लिहिणं हे त्याचं काम, आणि ते तो देवाची पूजा केल्यासारखं करायचा. तीन जागा: रिअ‍ॅक्टर, गाळणी, पॅकिंग. तीन पाळ्या. हाताने बेरीज करायची, तीनने भागायचं आणि मोकळं व्हायचं. एवढ्या सरळ कामात चार महिन्यांपूर्वी कम्प्युटर आणून ठेवला, आणि बदलापूर गावातल्या या सरळ माणसाची झोप उडाली.

झोप उडवली ती खरं म्हणजे अनंताने. अनंता त्याचा चुलतभाऊ, कायम तिसऱ्या पाळीला. सकाळी सातला भूपेश गेटातून आत जायचा तेव्हा हा लाल डोळे चोळत बाहेर पडायचा.

"भूपेश, तुझा कम्प्युटर खोटा बोलतंय रं," तो खोकत म्हणाला. "माझे डोले चुरचुरतान. आन तुझे कागदावर म्हने तिसरी पाली सगल्यान साफ."

कागदावर तसंच होतं. पाळीवार सरासरी: पहिली एक्केचाळीस, दुसरी तेहतीस, तिसरी बारा. पहिल्याच महिन्याचा कागद असाच निघाला, तेव्हा ऑफिसने तिसऱ्या पाळीतला वाफ ओढणारा पंखा बंद केला. वीज कशाला जाळायची? पुढे पहिल्या पाळीचा आकडा चढत गेला, म्हणून त्या पाळीत दोन-दोन पंखे घरघरू लागले. अनंताने तक्रार केली, तर प्लांट बघणाऱ्या किर्ती मॅडमनी त्याच्यासमोर भूपेशचाच कागद ठेवला. आपल्या अक्षरावर ज्याचा एवढा विश्वास, त्याच्या कागदाने भावाचं तोंड बंद करावं, हे भूपेशच्या जिव्हारी लागलं होतं.

त्याने प्रोग्रॅम दहादा तपासला. आकडे बरोबर चढले होते. तिन्ही सरासऱ्या मिळवल्या की शहाऐंशी, वहीतल्या नऊही आकड्यांची हाताने बेरीज करून तीनने भागलं तरी शहाऐंशीच. मग चूक कुठे मेली होती? बेरीज जुळल्यावर हिशेब बरोबर, हे तो शाळेपासून शिकला होता. त्यामुळे बेरजेपलीकडे बघायचं त्याला सुचलंच नाही.

शेवटी तो उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या कम्प्युटर क्लासला जाऊ लागला. पोरांच्या वयाच्या मुलांमध्ये गुडघे दुमडून बसायचं, आणि वर ते सर. सरासरी कुठल्या दिशेने काढायची ते मशीनला सांगायचा आकडा म्हणजे अ‍ॅक्सिस, इथवर कळलं; पण सोमवारी म्हणाले, "देखो भूपेशभाऊ, अ‍ॅक्सिस वन मतलब रो-वाइज." बुधवारी म्हणाले, "अ‍ॅक्सिस वन म्हणजे कॉलम, इतना याद रखो बस." भूपेशने विचारलं, नक्की आडवं की उभं? सर हसून म्हणाले, दोनों सही है. दोन्ही बरोबर म्हणे! भूपेशला ती वही सरांच्या डोक्यात घालावीशी वाटली. घातली नाही, पण परतताना रिक्षावाल्याशी विनाकारण भांडला.

त्याचं म्हणणं साधं होतं. त्याच्या तक्त्यात जागा एकाखाली एक, त्यांचा अ‍ॅक्सिस शून्य. पाळ्या शेजारी शेजारी, त्यांचा अ‍ॅक्सिस एक. त्याला हवी होती पाळीवार सरासरी, म्हणून त्याने मशीनला पाळ्यांचा अ‍ॅक्सिस सांगितला, एक. यात कुठे काय चुकलं?

रविवारी घरात गडबड होती. शेजारच्या मधूची हळद होती आणि करिष्मा, म्हणजे भूपेशची बायको, परातीत तांदळाचं पीठ मळत होती. एवढं पीठ बघून त्याने चिडूनच विचारलं, तू एकटी किती थापणार?

"घरटी पन्नास भाकऱ्या ठरल्यान," करिष्मा हात न थांबवता म्हणाली. "पलीकडे चार बाया, आपले घरान मी येकटी. घरटी म्हनलं का घर मोजतान, घरान बाया किती त्या कोन इचारतंय?"

भूपेश चहाचा कप हातात धरून तसाच राहिला. घरटी म्हटलं की घरं उरतात आणि बाया मिटतात. पाळीवार म्हटलं की पाळ्या उरायला हव्यात आणि मिटायला हव्यात जागा. आपण माणसं जे उरतं त्याचं नाव घेतो. मशीन विचारतं, मिटवू कोणाला? आणि त्याने चार महिने त्याला सांगितलं होतं, पाळ्यांना.

मशीनने पाळ्या मिटवल्या आणि तीन जागांचे तीन आकडे हातात दिले. जागा चार असत्या तर चार आकडे आले असते आणि कोणीही ओरडलं असतं. पण तीन जागा, तीन पाळ्या. त्याने आपल्या सुंदर अक्षरात वर पहिली, दुसरी, तिसरी लिहून टाकलं. ते बारा पॅकिंगचे होते. पॅकिंगला कधी वाफ असतेच कुठे? एक्केचाळीस रिअ‍ॅक्टरचे, आणि ते चढत गेले ते तिसऱ्या पाळीचा पंखा बंद केल्यामुळेच.

सोमवारी त्याने एकच्या जागी शून्य टाकला. पहिली अठरा, दुसरी वीस, तिसरी अठ्ठेचाळीस. बेरीज शहाऐंशी. त्याला स्वतःची इतकी चीड आली की स्क्रीनकडे बघवेना.

तो कागद घेऊन किर्ती मॅडमकडे गेला आणि चूक आपली आहे हे उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आधी फोन करून तिसऱ्या पाळीचा पंखा पुन्हा चालू करायला सांगितलं आणि मग विचारलं, "चार महिन्यांत हे एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"अनंताच्या आलं होतं, मॅडम."



दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो गेटाशी थांबला. अनंता आला. डोळे जरा कमी लाल होते, खोकला होता तसाच. भूपेशने त्याला सगळं सांगितलं: पंख्याचं, आकड्यांचं, घरटी भाकऱ्यांचंसुद्धा. अनंताने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"मंजे कम्प्युटर खरा बोलत व्हता."

"हो," भूपेश म्हणाला. "त्याच्या आकड्यांवर नावं मी लिहीत होतो."

अनंताने मान हलवली आणि खोकत खोकत रिक्षाकडे निघून गेला.