तारप्याकडे तोंड करून

मॅडमच्या हातात बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी होती. डहाणूतल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग. मी दहावीत. नाचाच्या बारा मुली रांगेत उभ्या, कमरेला सागाच्या पानांची झालर. एकेकीच्या गालाला, दंडाला पॉलिश. माझा नंबर आला.

"मॅडम, हिला कशाला? हिचं पॉलिश वाचलं," मागून एक जण म्हणाली.

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "असू दे, थोडं लावते. स्टेजवर आदिवासी दिसायला पाहिजे."

मी वारली. सायवनची. माझी आई लुगडं नेसते, आजीही लुगडंच नेसायची. पानं नेसलेलं आमच्या पाड्यात मी कुणाला पाहिलेलं नाही.

आणि मी काय केलं? मीपण हसले. लिहिताना लाज वाटते, तरी लिहितेय. हॉस्टेलवर तीन वर्षं मी हेच शिकले होते. घरची बोली गिळायची. गाव विचारलं तर डहाणू सांगायचं. एकदा काका भेटायला आला, तर मैत्रिणींना म्हटलं, गावचे ओळखीचे आहेत. काकाने ऐकलं. उकडलेल्या कंदांची पिशवी माझ्या हातात दिली आणि एसटी पकडायला गेला.

तोच काका त्या दिवशी तारपा, आमचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, घेऊन आला होता. खरा तारपावाला हवा म्हणून मॅडमनी मलाच आणायला सांगितलेलं. तेव्हा मी वारली आहे हे त्यांना बरोबर आठवलं.

आमच्यात तारपा वाजवणारा मधे असतो. आम्ही एकमेकींच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतो. तो वळेल तसं वळायचं. चालायला लागलेल्या पोरालाही हे माहीत असतं. मॅडमनी काकाला कोपऱ्यात पडद्याजवळ उभं केलं आणि आम्हाला एका सरळ ओळीत, तोंडं खुर्च्यांकडे.

काका हळूच म्हणाला, "बाई, तारप्याला पाठ नाय दाखवत."

"अहो, पाहुणे काय पोरींच्या पाठी बघायला आलेत?"

काका गप्प झाला. ते गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. मीच त्याला एकदा तसं गप्प केलं होतं.

पडदा उघडला. काकाने गाल फुगवले, तारपा घुमला. ओळ खुर्च्यांकडे तोंड करून हलायला लागली. मला पाय उचलवेना. मी वळले. कोपऱ्यात गेले आणि माईकवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, मधी चल."

काका वाजवत वाजवत मधे आला. तलासरीच्या दोघी, माझ्यासारख्याच वारली, ओळ सोडून आल्या, माझ्या कमरेला हात घातला. आम्ही तिघी फिरत राहिलो. बाकीच्या नुसत्या उभ्या. मग कुणीतरी पडदा पाडला.

दुसऱ्या दिवशी शाळेने माझ्याकडे माफीनामा मागितला. दिला नाही. हॉस्टेल सुटलं. बोर्डाची परीक्षा सायवनहून एसटीने येऊन दिली. कंडक्टरने पहिल्या दिवशी गाव विचारलं. सायवन सांगितलं.

आता गॅदरिंगचे दिवस आले की मी पत्रकं घेऊन डहाणू-तलासरीच्या शाळाशाळांत जाते. पॉलिश नको, पानं नकोत, तारपा मधे. एवढंच त्यात छापलेलं आहे. शिक्षक म्हणतात, हौसेने करतो हो आम्ही. असेल. हौस स्वतःच्या तोंडावर करा.

ज्या शाळेत ती डबी उघडेल, त्या स्टेजवर मी चढणार. समोर कोण बसलंय ते विचारणार नाही. पाहुणा कितीही मोठा असो, तारपा वाजायला लागला की त्याला माझी पाठच दिसेल.