सहा कोर पुरे

"आचारी सोळा आणि वाढपी एक, मग पंगत जेवणार कधी?"

गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती हे विचारायची आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ काउंटरवर आपटायची. डोंबिवलीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिच्याबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोललो, पण ही एक गोष्ट टाळत आलो. आता वय झालं. आणखी टाळली तर राहूनच जाईल.

ती माझ्याकडे कामाला दिव्याहून यायची. तिशीची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. मशीन जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोर म्हणजे प्रोसेसरमधले राबणारे हात, तिच्या भाषेत आचारी. मित्राकडे बारा कोर आहेत म्हणून पोरं सोळा मागायची. ती त्यांना दुकानातच त्यांचा गेम खेळायला बसवायची आणि शेजारच्या स्क्रीनवर कुठला कोर किती राबतोय ते दाखवायची.

"बघ, हे सगळे नुसते बसलेत. तुला सहा पुरे. खेळता खेळता लाइव्ह जाणार असशील तर आठ घे. बाकीचे पैसे ग्राफिक्स कार्डात टाक. चित्र ते काढतं, वाढपी तेच."

मित्र हसतील, अशी एकाने कुरकुर केली. ती म्हणाली, "हसू देत रे. तू हरवून ये त्यांना."

महागडा माल असा दारातून परत जाताना मी चडफडायचो. पण तीच पोरं आणखी दोघांना घेऊन यायची आणि मला ओलांडून विचारायची, ताई आहे का?

आमच्याकडे एक पद्धत होती. मशीन जो जुळवेल त्याने कॅबिनेटच्या आत मार्करने आपलं नाव लिहायचं. ती ठसठशीत लिहायची.

घोडबंदर रोडला एकजण गेमिंग पार्लर काढत होता. त्याच्यासाठी तिने सहा कोरचं, तगड्या कार्डाचं मशीन जुळवलं, नाव लिहिलं आणि घरी गेली. माझ्या कपाटात सोळा कोरचा एक प्रोसेसर पडून होता. जुना होत चाललेला, कोणी घेईना. मी तो तिच्या मशीनमध्ये बसवला आणि हिशेब जुळावा म्हणून कार्ड हलकं घातलं. पार्लरवाल्याला सांगितलं, सोळा दिलेत, मजा करा.

थोड्याच दिवसांत तो मशीन उचलून परत आला. गेम अडखळत होता. त्याने सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि नावावर बोट ठेवलं. "ताई, तुम्ही तर सहा म्हणालेलात. मग हे काय बनवलंत?"

तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी माणसाकडून. ती करून देईल."

तिने पुन्हा सहाचा प्रोसेसर आणि तगडं कार्ड बसवून मशीन दिलं. निघताना मात्र माझ्यापाशी थांबली.

"काका, निदान माझं नाव तरी पुसायचंत."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बाजारात बोललं जाऊ लागलं की ती तोंडाने सहा सांगते आणि हाताने भलतंच बसवते. ते खोटं आहे हे तिच्याखेरीज माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मी गप्प बसलो.

म्हणून आज लिहून ठेवतो. ते मशीन मी बिघडवलं. तिचे सहा बरोबर होते.

पुढे तिने माजिवड्याला स्वतःचं दुकान टाकलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची पोरं तिच्याकडे जातात. ही माझ्याकडे होती, असं सांगताना माझी छाती अजून फुगते. ती का गेली, ते कोणी विचारत नाही.

मध्ये एकदा मी तिथे गेलो. रिक्षात माफीचं वाक्य घोकत होतो. दुकानात तीन माणसं कामाला होती, बाहेर गर्दी. मला बघताच ती उठली, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. आपल्या माणसांना म्हणाली, "हे काका. काम मी यांच्याकडे शिकले."

मी कप हातात धरून बसलो. चहा निवला.

"काही काम होतं का, काका?"

"नाही गं," मी म्हणालो. "सहज आलो होतो."