ट्रॉली भरणारी

१२ नोव्हेंबर २०२४. मंगळवेढ्याच्या किराणा दुकानात जोतिरामने सहा हजार चारशे पंचाऐंशी रुपये रोख मोजले आणि सहा महिन्यांचं बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढू लागलं. बाप धुळा मेंढरं घेऊन आधीच अकलूजच्या उसाच्या रानांकडे निघाला होता. ट्रॉली मागून जाणार. ताडपत्रीखाली तिथंच चूल, तिथंच अंथरूण.

पूर्वी घोड्याच्या पाठीवर आणि आता ट्रॉलीत, पस्तीस वर्षं हे बिऱ्हाड जोतिरामची आई गोजाबाईच भरत आली होती. आधी लागेल ते वर, हा तिचा नेम. यंदा मात्र गुडघे उचलेनात. सून प्रियंका ट्रॉली भरेल, तीच नवऱ्याबरोबर जाईल आणि आपण घरी राहू, असं तिने लेकाला दसऱ्यालाच सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्यात आपल्या दारात पापड घालायचे, हेही मनाशी ठरवलं होतं. ती भिंतीला टेकून, पाय पसरून बघत बसली.

ट्रॉली भरली. जोतिराम वर चढला.

"समज, मुक्काम पडलाय. आबा दमून आल्यात. च्या ठेवायचाय. काड्यापेटी कुटं हाय?"

प्रियंकाने इकडंतिकडं हात घातला. "पिठाच्या पोत्याखाली गेली वाटतं."

"आन् मीठ?"

"त्येच्याबी खाली."

"मग आबानी काय दगड चाटायचा व्हय?" जोतिरामने कपाळाला हात लावला. "आये, हिला न्हाय जमायचं. तूच चल."

गोजाबाईची नजर दारातल्या शिलाई मशीनवर गेली. शेजारच्या डब्यात सुनेने रिळं रंगवार लावली होती. अंधारातही हवं ते हाताला लागावं, अशी.

"रिळं लई नीट लावतीस की गं."

"त्ये निराळं, आत्या," प्रियंका मान खाली घालून म्हणाली.

गोजाबाईला थोरली जाऊ बजाबाई आठवली. तिने घोड्यावर बांधलेली भांडी वेशीपाशीच घरंगळली होती. सगळे हसले होते. नवी नवरी गोजाबाई पुढं झाली आणि ती नीट बांधून दाखवली. सासऱ्याने तोंडभरून कौतुक केलं. तेव्हापासून बजाबाई मरेपर्यंत घरी राहिली. भांडी का पडली, हे गोजाबाईला आज कळलं.

सून मुद्दाम करतेय असं लेकाला सांगावं तर घरात भांडण पेटणार, सून रडत ट्रॉलीत बसणार आणि धुळा उपाशी झोपणार. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. गोजाबाई भुईला हात टेकून उठली. वरची भांडी तिने पुन्हा लावली, मीठ घरातल्या बरणीतून घेतलं. काड्यापेटी घरात एकच उरली होती आणि खालची पोती उपसायला वेळ नव्हता.

"पापड तरी घालशील न्हवं?" वर चढताना तिने विचारलं. "का त्येबी न्हाय जमायचं?"

"जमतील," प्रियंका हळूच म्हणाली.

वाटेतल्या दुकानातून जोतिरामने काड्यापेट्यांचा नवा पुडा उधार घेतला. त्याचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.